हातानं केलेली बेरीज

३ जुलै
या हातांनी केलेलं: लोखंडी दरवाजे एकशे बारा. बैलगाडीचे सांगाडे नऊ. देवळाची दानपेटी एक. ट्रॅक्टरमागचं पेरणीयंत्र – नक्षा माझा, वेल्डिंग माझं – एकतीस. कुणी शिकवलं नाही.
आता बिझनेस स्कूल. जालन्याला, शनिवार-रविवार. अट एकच: पंधरा तारखेच्या आत एक्सेलची चाचणी पास. थोरली लेक शिवकन्या शिकवणार आहे.

४ जुलै
रकाने लहानमोठे होते. पडद्याला स्टीलची फूटपट्टी लावून प्रत्येक बराबर तीन सेंटिमीटर केला. शिवकन्यानं झूम केलं. तीनाचे साडेचार सेंटिमीटर झाले. फूटपट्टी खिशात ठेवली.

५ जुलै
तातेराव आले. परतूरच्या त्यांच्या दुकानातूनच माझी यंत्रं विकतात.
"तुमच्या यंत्राचा नक्षा विकत मागणाऱ्या त्या कारखानदाराला वीस तारखेपर्यंत जबाब पाहिजे. नक्षा देऊन टाका, आरामात बसा. ह्या वयात कुठं शाळेत जाऊन राह्यलात?"
कळवतो म्हणालो.

८ जुलै
सरावाचा तक्ता: एका यंत्राचे सगळे भाग, वजनासकट. बेरीज १८६ किलो. शिवकन्यानं फणांचं वजन बदललं. बेरीज जागची हलली नाही.
"पप्पा, सूत्र कुठंय?"
"सूत्र कशाला? कागदावर केली, दोनदा तपासली, मग टाइप केली."
"मंग कॉम्प्युटर कशाला?"
"लिहायला."
बायको आशाबाई स्वयंपाकघरातून: "मिक्सर आणल्ता तव्हा बी चटणी आधी पाट्यावर वाटली अन् मंग त्यात टाकली ह्यांनी."
एकदाच टाकली होती. तीही मिक्सर तपासायला.

१० जुलै
नापास. उत्तरं सगळी बरोबर, तरी नापास! शेरा: 'आकडे हाताने भरलेले आहेत.' हाताने – हा शब्द दोष म्हणून आयुष्यात पहिल्यांदा वाचला. दुसरी संधी चौदाला. शेवटची.

१२ जुलै
सूत्र शिकलो. विश्वास बसेना म्हणून चाळीस बेरजा त्यानं केल्या, चाळीस मी. एकोणचाळीस जुळल्या. एक चुकली.
माझी. घरात सांगितलं नाही.

१४ जुलै
पास.

१९ जुलै
तातेरावांना तक्ता दाखवला. वर्षाला यंत्रं: अकरा. मी अकराचे दोनशे केले. खालचं लोखंड, पत्रा, दिवस – सगळं एकदम हललं. कामाला लागणाऱ्या माणसांच्या चौकटीत एकाचे अठरा झाले.
"हे तुम्ही टाइप केलं?" तातेराव.
"न्हाई. आपोआप झालं."
दोघंही त्या अठराकडं बघत बसलो.

२० जुलै
कारखानदाराला कळवलं: नक्षा विकायचा नाही.
साडेअकरा लाख देत होता.