बरी आहे म्हणणारी

२ नोव्हेंबर

लिही, शामा. मी इत्तो, मोहाची आई, तीन बोचकी आणि मधाचा एक डबा घेऊन आज डोंगरावरून समुद्राकाठच्या सले शहरात, लेकाच्या घरी राहायला आले. बस आठ तास हलत होती. शेजारचा दणकट गडी चारदा ओकला, मी एकदाही नाही. हेही लिही.

घर चौथ्या मजल्यावर. माझ्या खोलीच्या खिडकीतून बोटभर समुद्र दिसतो, बाकी सगळी शेजाऱ्यांची धुणी. सुनेने, रकीयाने, खारवलेलं लिंबू घालून कोंबडी केली होती. लिंबू जरा जास्तच. हे मात्र लिहू नकोस. लिहिलंस? कार्टी.

शामा माझी नात, नर्सिंग शिकते. तिच्या बाईंनी सांगितलंय, घरातल्या एका माणसाची रोजची हकिकत उतरवा, तो बोलेल तशीच. मला अक्षर येत नाही, आणि घरात रिकामं दुसरं कुणी नाही. जोडी जमली.

३ नोव्हेंबर

आज पोरीने एक कागद आणला. सात प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली नाही असं किती वेळा झालं, चिडचिड किती, काहीतरी भयंकर घडेल असं किती वेळा वाटलं. उत्तरं चार : मुळीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्यापासून तीनपर्यंत गुण. बेरीज दहा किंवा जास्त झाली तर डॉक्टरला दाखवायचं. शामा म्हणते, कागद म्हणजे डॉक्टर नव्हे, दाराची कडी. वाजली की उघडून बघायचं.

मी सातही वेळा म्हणाले, बरी आहे, अल्हम्दुलिल्लाह. आमच्यात कुणी विचारलं की आधी हेच. तक्रार केली तर देवाला कमीपणा. शामा हसायला लागली. म्हणाली, "आजी, पाय मोडून पडलीस तरी हेच म्हणशील. भोपळा मिळाला तुला."

आमच्या डोंगरात भोपळ्याला चांगला भाव आहे म्हटलं.

१० नोव्हेंबर

भाजीवाल्याशी ओळख झाली. तो मला फसवतो, मी त्याला. बरं चाललंय.

एक सांगते, पण कागदात नको. तीनचार दिवस भर दुपारी छाती धडधडते. हात गार पडतात. नवरा गेला तेव्हा झालं नव्हतं, बकऱ्या विकल्या तेव्हा झालं नव्हतं, मग आता काय झालं? रकीयाने विचारलं तर म्हणाले, बरी आहे.

१३ नोव्हेंबर

दुपारी जेवत होते. रकीयाने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, गुडघा कसा आहे?" माझ्या तोंडात भाकरीचा मोठा घास. गिळून बोलावं म्हणून थांबले, तेवढ्यात उत्तर गेलंसुद्धा. "बरा आहे गं, अल्हम्दुलिल्लाह."

माझाच आवाज, माझ्या पाठीमागून. पाठीमागे भिंत आहे.

रकीयाला काही वेगळं वाटलं नाही. मी घास थुंकला.

१७ नोव्हेंबर

शामाने कागद पुन्हा काढला. या वेळी खरं बोलायचं ठरवलं होतं मी. तक्रार तर तक्रार, देवाशी नंतर बघून घेईन. सातही प्रश्नांना म्हणाले, जवळजवळ रोज.

शामाने बेरीज केली आणि म्हणाली, "पुन्हा भोपळा, आजी."

मी म्हटलं, मी 'रोज' म्हणाले. ती म्हणते, "तू 'मुळीच नाही' म्हणालीस. ओठ हललेले मी पाहिले ना." मी म्हटलं, परत विचार. तिने परत विचारलं. या वेळी मीही ऐकलं. माझ्या तोंडातून, गोड, शांत : मुळीच नाही.

मी ओरडले, ही मी नव्हे. शामा हसतच सुटली. जन्मभर सगळ्यांची टर उडवली, आता माझं रडणंही लोकांना नक्कल वाटतं.

पोरी, हे लिहितेस तेव्हा तरी हसू नकोस.

१८ नोव्हेंबर

शामा चोवीस तारखेला जाते. वाळवंटाकाठच्या इस्पितळात सहा महिने शिकायला. बेरीज दहावर गेली तर जाण्याआधी स्वतः मला डॉक्टरकडे नेईन म्हणाली. नाही गेली तर नाही. ती गेल्यावर माझं कोण लिहील? मोहा बंदरावर, रकीयाला वेळ नाही. मग ती म्हणेल तेच खरं. बरी आहे म्हणणारी.

तीच शिकली माझ्याकडून. रोज मीच तर घोकून घेतलं.

१९ नोव्हेंबर

युक्ती केली. गोष्ट सांगते म्हटलं. गोष्टीत ती तोंड घालत नाही. आमच्या गावात एक बाई होती, शामा. तिच्या घशात दुसरीच कुणीतरी येऊन बसली. बाईला दुखलं की ती म्हणायची, दुखत नाही. बाईला भीती वाटली की ती म्हणायची, छे. बाईचं कुणी ऐकेना. तिला एकच नात होती —

शामाने लेखणी थांबवली. माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, कळलं पोरीला.

"मग त्या बाईचं काय झालं?"

"काही नाही गं. बरी झाली."

हे मी नाही सांगितलं.

२१ नोव्हेंबर

तोंड गेलं. आता थोडंच — बोलता येतं, मध्येच —

छान झोप लागली.

नाही लागली. खोडू नकोस, दोन्ही लिही. दोघींचं लिही —

२२ नोव्हेंबर

हरभरे. कागदावर ठेवले. प्रत्येक ओळीवर तीन. सात ओळी, एकवीस हरभरे. शामाला खूण केली, मोज.

तिने मोजायला घेतलं. नऊपर्यंत आली. माझा उजवा हात पुढे झाला. मी नव्हतं सांगितलं त्याला — एकेक दाणा उचलला, वाटीत टाकला.

"निवडत बसले होते गं. रकीयाला हरभऱ्याचं सूप करायचंय."

दहा म्हण, शामा. एक दाणा —

२३ नोव्हेंबर

आज फार छान वाटतं आहे. झोप उत्तम. भूक उत्तम. काळजी मुळीच नाही. डॉक्टरची गरज नाही. शामा उद्या आनंदाने जाईल. सून चांगली आहे. सर्व जण चांगले आहेत.

शामा म्हणते, "आजी, सकाळपासून एकदाही चिडवलं नाहीस मला."

कशाला चिडवू? लिही. अशी काय बघतेस? लिही ना. मी बरी —

डावा हात धर. पोरी, डावा अजून माझा — दाबते आहे बघ, तीनदा, परत तीनदा, रोज, रोज, जवळजवळ रो —

काही नाही गं. लिही. बरी आ