बाथरूमचा नळ

आई,

मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलंय. किल्ली माझ्या खिशात आहे, शेजारच्या काकांना बोलावून खटपट करू नकोस. नवा गीझर घेऊन चारपर्यंत येतो.

नळाला हात लावला की मुंग्या येतात, असं तू कधीपासून सांगत होतीस. मी वयावर ढकललं. आज सकाळी मलाच झटका बसला. मीटर लावून पाहिलं, तर नळात करंट उतरतोय आणि गीझरची अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. गीझर मीच बसवला होता. लोकांच्या घरी तपासल्याशिवाय सही करत नाही; आपल्या घरी मीटर कधी बाहेरच काढला नाही.

बाथरूममध्ये कसली चप्पल, म्हणून काल तुझी रबरी चप्पल मी माळ्यावर टाकली होती. ती धुऊन दाराशी ठेवलीय.