वीस मिलिसेकंद

बाबा, सकाळपासून पैनगंगा चढते आहे, आणि मी आदिलाबादला कामाच्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली.

जैनथकडच्या पुलावर तुम्ही पाणी मोजायचात. पावसाळ्यात दर तासाला खांबावर रंगवलेली पट्टी पाहायची, आकडा वहीत लिहायचा, दफ्तराला फोन करायचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी तुमच्यासाठी एक डबी केली. तुम्ही बटन दाबलं की ती पाण्याची पातळी मोजायची आणि वेळेसकट मेमरी कार्डावर लिहायची; नोंद झाल्याची खूण म्हणून हिरवा दिवा लागायचा. तिची पहिली चाचणी स्वयंपाकघरात झाली. आई भाकरी थापते आहे, मी पाण्याच्या बादलीवर डबी धरली आहे, आणि तुम्ही विचारता, "हे त्या कार्डाशी बोलते कसं?"

मी सांगते. चिप आणि कार्ड यांच्यात चार तारा असतात. एका तारेवर चिप ठेका देते, दुसरीवर बोलते, तिसरीवर कार्ड उत्तर देतं. चौथी तार म्हणजे खांद्यावर ठेवलेला हात, की तुझ्याशीच बोलते आहे. वीज मिळाली तरी कार्ड लगेच ऐकत नाही. आधी किमान चौऱ्याहत्तर ठेके नुसते द्यावे लागतात, मग पहिली आज्ञा. लिहायचं ते पाचशे बारा बाइटांच्या ठोकळ्यात पाठवायचं. ठोकळा पोचला की कार्ड तसं कळवतं.

"म्हणजे हव म्हणते."

"हो."

"अन् लिवते कवा?"

"त्यानंतर. लिहिणं चालू असेपर्यंत ते आपली तार खाली धरून ठेवतं. तार सोडली की लिहून झालं."

"मंग दिवा तवा लाव, माय. आपल्यात हव म्हनलं म्हणजे आयकलं. केलं, असं नाही. तुही आई मले रोज हव म्हणते."

"अन् तुमी?" आई तव्याकडे पाहतच म्हणाली. "दळणाचा डबा परवापासून दारात हाय. हव म्हनून गेलते."

तुम्ही हसलात. मी हिरवा दिवा 'हव'लाच लावला. बॅटरी वाचवायची होती, म्हणून त्यानंतर फक्त वीस मिलिसेकंद थांबून कार्डाची वीज तोडली. नवं कार्ड चार मिलिसेकंदांत लिहून मोकळं होत होतं, तेव्हा वीस पुष्कळ होते. पुलावर बसवताना मात्र मी माझ्या जुन्या मोबाइलचं, जवळजवळ भरलेलं कार्ड डबीत घातलं. तसल्या कार्डाला कधीमधी पाव सेकंदही लागतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी पाणी तुमच्या चौकीत शिरलं. वही वाहून गेली. फोन लागत नव्हते. खालच्या वस्तीला खबर पोचली नाही, आणि तिथली गुरं दावणीलाच बुडाली. माणसं झाडावर चढून वाचली. लोक म्हणाले, पाणी मोजणारा जागेवर नव्हताच. चौकशीला साहेब आले तेव्हा तुम्ही कठड्यावरची डबी काढून त्यांच्यासमोर ठेवलीत. "सार, मी घंट्याघंट्याले बटन दाबलं. दिवा लागे. आमच्या पोरीची डबी हाय, ते खोटं नाही बोलत."

मी कार्ड लॅपटॉपला लावलं. त्या दिवसाची फाइल होती, आत काहीच नव्हतं. साहेबांनी तेलुगूत विचारलं, "एमैंदम्मा?" काय झालं, एवढंच. आवाजात राग नव्हता. मी उत्तर दिलं, "डबी ठीक आहे, सर. बटन दाबलं असतं तर नोंद असती."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. घरी येताना ऑटोत एकदाच म्हणालात, "दिवा लागला व्हता, माय." मी म्हणाले, तुम्ही गडबडीत होता. तुम्हाला कामावरून काढलं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या दोन वर्षांत तुम्ही पुलाकडे गेला नाहीत, आणि तो विषय कधी काढला नाहीत.

आता मी अशाच डब्या करणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. माझं महाविद्यालयातलं काम पाहूनच त्यांनी मला घेतलं. नदीवर आमच्या पाच डब्या आहेत, आणि पाचही डब्यांत कार्डावर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचा तो भाग मी तेव्हाचाच, जसाच्या तसा ठेवला आहे. परवा तुमच्या जागेवरच्या माणसाला मी सहज फोन केला. तो म्हणाला, "ताई, हिरवा दिवा बराबर लागून राह्यला. म्या वही लिवनं सोडलं. काऊन दोनदा लिवाचं?"

त्या दिवशी तुमचं कार्ड मी कपाटातून काढलं. चिपशी जोडलं आणि लिहिण्याची तीच आज्ञा तीनशे वेळा चालवली. दिवा तीनशे वेळा लागला. अकरा वेळा कार्ड वीस मिलिसेकंदांनंतरही लिहीतच होतं. त्यातल्या एका वेळी फाइलींची यादी अर्धवट लिहिली गेली आणि फाइल रिकामी झाली. वर नाव तेवढं राहिलं.

पाचही डब्या आज बंद ठेवा, वहीवर लिहा, असा मेल मी दफ्तराला लिहिला आहे. खाली कारण लिहिलं आहे, तुमच्या वेळच्या फाइलीसकट. तो अजून समोर उघडाच आहे. खिडकीबाहेर आभाळ पुन्हा भरून आलं आहे. तिकडून आलेल्या शेवटच्या फोनवर पाणी पट्टीच्या लाल खुणेखाली हातभर होतं. हे पत्र मिटून तो मेल पाठवणार आहे. तुम्हाला लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे एक सांगते. तीनशे वेळा चालवायची गरज नव्हती. फाइल चाळिसाव्या फेरीतच रिकामी झाली होती. पुढच्या फेऱ्या मी चालवत राहिले, कारण तो योगायोग ठरावा आणि चूक तुमची निघावी असं मला वाटत होतं.