सांड आडवा आला नव्हता

दुर्गाघाट, वाराणसी
३० ऑक्टोबर १९९८

चि. श्रीराम,

ताईचे आशीर्वाद. तू जबलपूरला सुखरूप पोचल्याचा निरोप शेजारच्यांनी दिला. इकडे थंडी सुरू झाली आहे. पंचगंगा घाटावर बांबूंना आकाशदिवे लागलेत, संध्याकाळी गच्चीतून दिसतात. ह्यांचा खांदा बरा आहे, हात अजून काही दिवस झोळीतच ठेवायचा आहे. मृणालिनीने लेकासाठी पाठवलेला चिवडा तसाच डब्यात आहे. तुझ्या प्रल्हादने त्याला हात लावला नाही. तो हल्ली जेवतो तेही माझ्या धाकाने.

कालिंदीच्या पायात सळई घातली. चालेल म्हणतात, पण लंगडेल. तू तिचं नाव विचारलं नव्हतंस, म्हणून लिहिते. आठवीतली पोर शाळेत जायला निघाली होती आणि रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभी होती. ती कुठे चुकली, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तू आलास, चौकीत जाऊन बसलास आणि प्रकरण मिटवून गेलास. सांड आडवा आला, त्याला चुकवताना प्रल्हादची स्कूटर मुलीच्या अंगावर गेली, असं सांगितलंस. तुझे भाऊजी मागच्या सीटवर होते, त्यांनीही मान हलवली. सोयीचंच आहे म्हणा. काशीत सांडावर आळ घेतला की त्याला ना कोणी चौकीत बोलावत, ना उलट विचारत.

आता मी विचारते. सोळा वर्षांच्या पोराला गियरची स्कूटर कोणी दिली? बोळात ती धड वळतही नाही, मैदागिन चौकात एका दुकानामागे ठेवावी लागते. तू चाकाखाली लिंबू ठेवलंस, नारळ फोडलास. ह्यांनी मंत्र म्हटले, मी ओवाळलं. विक्रेत्याच्या माणसाने गियर कसे टाकायचे ते दाखवलं, मैदानात दोन चकरा झाल्या, आणि शिक्षण संपलं. लायसनचं वय नाही म्हटलं तर म्हणालास, "इथे कोण विचारतं, ताई? मुलं आपोआप शिकतात."

आपोआप. हे आपल्या घरात बोललास तू, श्रीराम. मुंज झाल्यापासून तो इथे राहून ह्यांच्याकडे वेदाची संथा घेतोय. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. एक स्वर हलला की हे हात वर करून थांबवतात आणि मागून पुन्हा म्हणायला लावतात. वर्षानुवर्षं घोटल्याशिवाय त्याला कोणाच्या यज्ञात बसू देत नाहीत. चुकलेल्या स्वराने कोणाचं हाड मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि ज्याने हाडं मोडतात ते यंत्र आपण त्याच्या हाती नारळ फोडून दिलं. पंडित म्हणवतो आपण.

परवा मी इस्पितळात गेले होते. कालिंदीच्या आईने मला स्टुलावर बसवलं, स्वतः उभी राहिली. म्हणाली, "नंदी बाबा की मर्जी, बहनजी. किसको दोष दें? आपके पंडितजी को भी तो चोट लगी है." आणि हात जोडले. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ते जोडलेले हात मला बघवेनात. तिच्या दुःखावर आपण देवाचं नाव घालून ठेवलंय, ह्याचा मला इतका संताप आला की डब्यातली खिचडी तिच्या हातात न देताच उठले आणि डबा द्यायला दारातून परत फिरले.

घरी आल्यावर प्रल्हादला समोर बसवलं. म्हणाला, "आत्या, सांड नव्हता. वो लड़की दिखी, तो मैं घबरा गया. कुठला ब्रेक आधी दाबायचा, किती, हे मला माहीतच नव्हतं. किसी ने बताया ही नहीं." हे आतल्या खोलीत ऐकत होते.

बाहेर आले आणि माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलले. "चुकलं की पुढे रेटायचं नाही. मागे जायचं आणि तिथून पुन्हा म्हणायचं. मी तुला हे रोज शिकवतो, आणि चौकीत मीच मान हलवली."

तुला कळलंच असेल मी काय लिहायचं टाळत होते. काल सकाळी आम्ही तिघं आधी कालिंदीच्या आईकडे गेलो, मग चौकीत. प्रल्हादने सांगितलं, ह्यांनी सांगितलं. कालिंदीच्या आईने ह्या वेळी हात जोडले नाहीत. प्रल्हादकडे बघून एवढंच म्हणाली, "तेरे बाप ने क्यों दी तुझे गाड़ी?" त्याचं उत्तर तुला द्यायचं आहे.

स्कूटर पोलिसांनी ठेवून घेतली. ती तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुलाही बोलावणं येईल. रागावशील. पोराचं आयुष्य बरबाद केलं म्हणशील. पण काल रात्री तो दोन पोळ्या जेवला आणि बऱ्याच दिवसांनी पाठाला बसला. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला गाडी शिकायची असेल तर शिकवणारा मागे बसवून, रीतसर परीक्षा देऊन शिकेल. नारळ त्यानंतर.

चौकीचं बोलावणं येईल तेव्हा ये, पण आधी इस्पितळात जा. तिथे काय बोलायचं ते मी सांगणार नाही. सांडाचं नाव मात्र काढू नकोस.

लहानपणापासून तुझे अपराध पोटात घालत आलेली, आणि हा न घालणारी,
तुझी ताई
शरदिनी