टोपी धरलेल्या देवीचा चेहरा

मी, गायस विबियस फिलेरोस, जन्माने गुलाम, मालकांच्या कृपेने मुक्त, रोमच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा, हे मृत्युपत्र मेणाच्या पाट्यांवर स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हात कापतो आहे, तो वयामुळे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही.

पहिलं. माझ्या मालमत्तेचा अर्धा वाटा सम्राटांना. हल्ली शहाणी माणसं असंच लिहितात, म्हणजे उरलेल्या अर्ध्याला कोणी हात लावत नाही. चुकलो, शहाणी माणसं प्रेमापोटी लिहितात. मेण खरवडलं तर खाडाखोड दिसेल आणि खाडाखोडीचा वेगळाच अर्थ निघेल, म्हणून मागचं वाक्य राहू देतो. सम्राटांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. आधीच्या सम्राटांचा चेहरा मी वर्षानुवर्षं कोरला, दरवर्षी हनुवटी जरा आत घेत. आज त्यांचं नाव भिंतीभिंतींवरून तासून काढतात. वाटा पदाला दिला आहे. पद कुठे जात नाही.

दुसरं. उरलेल्या अर्ध्याचा वारस माझा शेजारी, पाव भाजणारा त्रोफिमस. माझ्या कोरण्या त्याने विकाव्यात, पण टांकसाळीतल्या कोणालाही नाही.

तिसरं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. माझी दासी थालुसा ही या पाट्या उघडताक्षणी मुक्त व्हावी आणि वरची खोली तिची व्हावी. मी राजद्रोही ठरलो तर हे मृत्युपत्र रद्द होईल, घर जप्त होईल आणि थालुसा बाजारात विक्रीच्या चौथऱ्यावर उभी राहील. याची मला फार भीती वाटते. म्हणून खालचा खुलासा शपथेवर करतो.

नवे सम्राट आले तेव्हा हुकूम आला की रुप्याच्या नाण्यावर पुढे त्यांचा चेहरा आणि मागे स्वातंत्र्यदेवी हवी, हातात मुक्त गुलामाची टोपी धरलेली. रोम आता मोकळं झालं, हे लोकांना बाजारहाट करताना कळावं म्हणून. टांकसाळीचे प्रमुख म्हणाले, "चेहरा प्रसन्न पाहिजे. पण कोणासारखा नको. आणि आधीच्यांच्या बायकोसारखा दिसला, तर तू आहेस आणि मी आहे."

देवीला कोणी पाहिलंय? मी घरी येऊन विचार करत बसलो. घरात दिवा होता, मेण होतं आणि समोर थालुसा मसूर निवडत होती. या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

पुढे खानावळीत माझा सहकारी हेर्मियास सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे फिलेरोस, रोमचं स्वातंत्र्य तुझ्या घरी मसूर निवडतं म्हणे? कानाखाली तीळसुद्धा आहे बाईंना!"

सगळे हसले. कोपऱ्यातला एक अनोळखी माणूस हसला नाही. त्याने कमरेचं नाणं काढून उजेडाकडे धरलं, उलटं केलं आणि बराच वेळ बघत बसला. देवीला दासीचा चेहरा देणं हा सम्राटांचा अपमान, आणि याहून क्षुल्लक गोष्टींवरून माणसं गेली आहेत.

म्हणून नमूद करतो की तो तीळ नाही, ठशाच्या लोखंडातली खोट आहे. थालुसा हल्ली तोंडावर पदर ओढून बाजारात जाते, कारण तिला ऊन सोसत नाही. थंडीतलंही सोसत नाही.

त्रोफिमस मला म्हणाला, "अरे, मग आजच मोकळी कर की तिला. दंडाधिकाऱ्यापुढे उभी करायची, दोन शब्दांचं काम."

"माझे गुडघे दुखतात."

"तुझे? परवा तर माझं पिठाचं पोतं..." एवढं बोलून तो थांबला, कारण दंडाधिकाऱ्याच्या मेजावरही तीच नाणी पडलेली असतात आणि तिथे उजेड चांगला येतो. मग तो म्हणाला, "खरंय बाबा. गुडघे वाईटच."

मी मेल्यावर तिला कोणापुढे उभं राहावं लागणार नाही. पाट्या वाचल्या की झालं. एवढ्यासाठी मी मरणाची वाट बघतो आहे, आणि ते घरी, अंथरुणात यावं एवढीच देवांकडे मागणी आहे.

चौथं. हेर्मियासला माझी डोळ्यांच्या मलमाची डबी. त्याला नको तिथे चेहरे दिसतात.

पाचवं. माझ्या पेटीत तळाशी पांढऱ्या लोकरीची टोपी आहे, मुक्त होणारे घालतात तशी. ती थालुसाला द्यावी. तिला ती डोक्यावर घालायला लाज वाटली, तर तिने नुसती उजव्या हातात धरावी. तेव्हा ती नाण्यावरच्या देवीसारखी दिसली, तर त्याचा दोष माझ्यावर येऊ नये. मोकळी झालेली बाई तशीच दिसत असणार.

रोम, सेलियन टेकडीच्या पायथ्याशी, नव्या सम्राटांच्या दुसऱ्या वर्षी, द्राक्षतोडणीच्या दिवसांत.

साक्षीदार: ओनेसिमस, कार्पस, लुसियस अटियस, युटिकस, साबिनस, दामास, क्विंटस फाबेरियस.

सातही जण मोहर उठवायची आपापली अंगठी घरी विसरून आले. कायद्याला एका अंगठीच्या सात मोहरा चालतात, म्हणून सगळ्यांनी माझीच अंगठी मेणावर दाबली. तिच्यावर मी टोळ कोरलेला आहे. टोळाचा चेहरा कोणासारखाही नाही.