पकडीतला दम

१२ डिसें. ६५, रवि. चिखली.
कबड्डीतले एक कोडे. चढाई करणारा प्रतिपक्षाच्या अंगणात मोकळा फिरतो तोवर त्याचा दम पुरतो. पण कोणी पाय धरला की मध्यरेषा वीतभर अंतरावर असली तरी तोच दम तत्काळ संपतो. हे प्रत्येक प्रेक्षकाने पाहिले असेल. कारण काय? आज सरावात माझेही तसेच झाले. आमचा कर्णधार नामदेव (धान्यबाजारात तोलाई करतो) म्हणाला, "वय झालं न सर तुमचं." हे कारण नव्हे, मत झाले. मी अवघा अडतीस. त्याने बजावले: येत्या रविवारी खामगावात पकडलो गेलो, तर शेगावच्या सामन्यास मला घेणार नाही. शाळा सुटल्यावर मैदान नसेल तर संध्याकाळचे करायचे काय?

१४ डिसें., मंगळ.
उकल सापडली! छातीत हवा असतेच. परंतु पकड होताच आपण घाबरून ओरडतो, आणि ओरडण्यात ती भसकन निघून जाते. उपाय: पकडीतही शांतपणे "कबड्डी" म्हणत राहणे. घरीच प्रयोग. सौ.ला म्हटले, मागून कंबर घट्ट धर. "अहो, भाजी करपतेय!" पण धरली. पाहुण्या आलेल्या सासूबाई दारातूनच परत फिरल्या. सविस्तर खुलासा करावा लागेल.

१६ डिसें., गुरु.
सरावात पंचाला ऐकूच गेले नाही, म्हणून बाद. आवाज मध्यम केला. पुढच्या पकडीतून सुटलो. नामदेव पोरांना ओरडला, "सर सुटून राह्यले बे! धरा नं!" सासूबाई अद्याप माझ्याकडे पाहत नाहीत.

१९ डिसें., रवि. खामगावहून परत.
अखेरची चढाई माझी. एका गड्याला स्पर्श केला, वळलो, तोच बबनने झेप घेतली. माझा जुना विद्यार्थी. आता तिथल्या जिनिंग कारखान्यात. दम उत्तम. रेषा हातभर. पण बबनने धरली माझ्या पायाची बोटे! अशाने धरणाऱ्याचेच मनगट मुरगळते. म्हणालो, "अरे, बोटे नव्हे. घोटा धर, दोन्ही हातांनी."
त्याने आज्ञाधारकपणे घोटा धरला. पंचाची शिट्टी.
"सर, दम तुटला नं तुमचा! बोलले काऊन?" बबनच म्हणाला.
सामना गेला. तथापि उकल बरोबर ठरली: पकडीतही दम पुरला, वर एक अख्खे वाक्य बोलण्याइतका उरला.

२० डिसें., सोम.
नामदेव घरी आला. "शेगावले तुम्ही पोरायले शिकवा, सर. खेळू नका." मी वरील मुद्दा क्रमाने मांडला. त्याने चहा संपेपर्यंत ऐकले.
"हाव, दमाचं पटलं मले. आता पायाचं पाहू. खाली मांडी घाला, अन् हात न टेकता, कशालेबी न धरता उठा. उठले त शेगावले खेळा."
चाचणी फारच सुबक. साधने: जमीन. कोणीही घरी करून पाहावी. तत्काळ मांडी घातली. नामदेव थोडा वेळ थांबला, "जमलं की सांगा" म्हणून गेला.
वही सौ.कडून मागून घेतली. आत्ता तिने विचारले, "पान वाढू?"
म्हटले, इथेच वाढ.