तुझ्याहून गोड बोलणारा

चि. धाकटोबास,

ताईचा आशीर्वाद, आणि कान धरला आहे असं समजूनच पुढचं वाच. इकडे सगळे ठीक. माझा गुडघा उठता-बसता कुरकुरतो, तुझे मेहुणे बसल्या जागी कुरकुरतात. तुझी, तुझ्या बायकोची आणि त्या डबड्याची तब्येत कशी आहे? (डबडं म्हणजे तुझी गाडी. दोन वर्षांपूर्वी चारचौघांत मी तिला डबडं म्हटलं आणि तू बोलणंच टाकलंस. शब्द मी मागे घेतलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.)

तर परवा दुपारी लाँड्रीत मी एकटीच. एका गिऱ्हाइकाच्या निळ्या शर्टावर इस्त्री फिरवत होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज घोगरा. ताई, ओळखलंस का? आता माझं शहाणपण बघ. त्याने नाव सांगायच्या आत मीच विचारलं, धाकट्या, तू? तो म्हणाला, हो, मीच. (चोराला किल्लीही दिली आणि दारही दाखवलं.) आवाज असा का, तर सर्दी. नंबर वेगळा का, तर मित्राचा फोन. मग म्हणाला, ताई, इतके दिवस बोललो नाही, माझं चुकलं. काय सांगू तुला, माझे डोळे भरून आले. इस्त्री होती तिथेच टेकवली आणि गुडघ्यापासून दुकानाच्या गळक्या पाइपापर्यंत सगळं त्याला सांगत बसले. तू कधी ऐकलं नसशील इतकं त्याने निमूट ऐकलं.

मग हळूच मुद्द्यावर आला. गाडीची एकाला धडक बसली आहे, मलाही लागलं आहे, पोलिसांनी बसवून ठेवलं आहे, आत्ताच्या आत्ता पैसे पाठव आणि मेहुण्यांना कळू देऊ नकोस. पैसे पाठवायला निघालेच होते, पण स्वभावाला औषध नाही, तोंडातून गेलंच की तरी सांगत होते, ते डबडं घेऊ नकोस. तर हा म्हणतो कसा, ताई, तुझंच खरं, डबडंच निघालं ते! तिथे माझी ट्यूब पेटली. माझा भाऊ फासावर चढेल, पण त्या गाडीला डबडं म्हणणार नाही. मी फोन ठेवला. लगेच दुसरा फोन, आता इन्स्पेक्टरसाहेब. साहेबांनाही तीच सर्दी. तोवर शर्टाच्या पाठीचा कोळसा झाला होता.

आणि मग खरी धडकी भरली. खरंच तू असलास तर? रडकुंडीला आलेला माणूस काहीही कबूल करतो. मेहुण्यांना तसंच जेवणावरून उठवून तुझ्या गल्लीत पिटाळलं. (बोलायचं नाही, नुसतं बघून यायचं, असं बजावून. मलाही मान आहे.) ते आले आणि म्हणाले, धडधाकट आहे, गाडी ढकलतोय. मी आत जाऊन तोंड धुतलं.

आता दुकानात गिऱ्हाइकाला आधी उपदेश, मग कपडे. ‘ओळखलंत का’ म्हणणाऱ्याला आपण होऊन नाव पुरवायचं नाही, घाई करतो त्याला ताटकळत ठेवायचं, आणि घरच्यांना सांगू नका म्हणाला की आधी घरच्यांनाच सांगायचं. दोघीतिघी कंटाळून समोरच्या लाँड्रीत जाऊ लागल्या आहेत. जाऊ देत.

तुझी,
ताई

ता. क. जळका शर्ट गिऱ्हाइकाने घेतला नाही. तुझ्या मापाचा आहे, सोबत पाठवते. वर कोट घातलास की डाग दिसणार नाही.

आणखी एक. मेहुणे म्हणतात, असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर आपणच लावून खात्री करायची. पटलं. पण तू नंबर बदललास तो मला दिलाच नाहीस. त्या भामट्याकडे माझा नंबर आहे, आणि माझ्याकडे सख्ख्या भावाचा नाही. भांडण मिटवायचं नसेल तर राहू दे, पण नंबर कळव. त्या दुपारी मेहुणे परत येईपर्यंत तू आहेस की नाहीस हे मला माहीत नव्हतं.